जखमेवर घातलेली तंबाखू

माझ्या उजव्या छातीला गाठ आहे हे घरात मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं आणि मी ते सगळ्यांच्या शेवटी सांगितलं. सांगितलं असंही म्हणता येणार नाही. वास यायला लागला, तेव्हा सून म्हणाली, "आत्ती, घरात उंदीर मेलाय काय कुठं?" ती बिचारी ट्रंका सरकवून उंदीर शोधत होती आणि मी कॉटवर बसून तिला "त्या कोपऱ्यात बघ, पोत्यामागं बघ" म्हणत होते. शोधत शोधत ती माझ्याजवळ आली आणि थांबली. तिच्या तोंडावरूनच मला समजलं, की तिला उंदीर सापडला.

गाठ दुखत नव्हती म्हणून गप्प बसले, असं मी पुढं डॉक्टरला सांगितलं. खरं कारण लाज. ती जागा दाखवणार कुणाला? मालक जाऊन बरीच वर्षं झाली. मुलाला दाखवायचा प्रश्नच नाही. सुनेला दाखवली असती तर तिनं मुलाला सांगितलं असतं, म्हणजे तेच. गाठ फुटली तेव्हा जुन्या लुगड्याच्या चिंध्या आत दाबून वरनं झंपर घातला. पदर जाड होता. चालेल तेवढे दिवस चालवलं.

मुलानं बेळगावला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं तरुण डॉक्टर होता. त्याच्यामागं शिकणारी पोरं-पोरी ओळीनं उभी. त्यानं पदर बाजूला केला आणि त्यांना काहीतरी इंग्रजीत सांगायला लागला. मी वर पंख्याकडं बघत राहिले. एक पोरगी नाकाला रुमाल लावत होती, तिला दुसरीनं कोपरानं ढोसलं. नंतर तो डॉक्टर मुलाला बाहेर न्यायला लागला तेव्हा मी म्हटलं, "दुखणं माझं हाय, मला सांगा." तो म्हणाला, "आज्जी, आता कापून उपयोग नाही. दुखू नये आणि घाण होऊ नये, एवढं बघू." मला ते बोलणं बरं वाटलं. निदान खरं तरी होतं.

असल्या पेशंटला घरी येऊन बघणारी एक संस्था बेळगावात आहे. तिची गाडी आठवड्यातनं एकदा आमच्या भागात येते. आमचं गाव निपाणी सोडून कोगनोळीकडं जाताना हायवेपासनं जरा आत. ती गाडी गावाला माहीत होती, कारण आधी ती वरच्या गल्लीतल्या एका माणसाकडं यायची आणि तो माणूस गेला. पोरंसोरंसुद्धा गाडीकडं बघून कुजबुजायची. म्हणून पहिल्याच दिवशी मी ड्रायव्हरला सांगितलं, गाडी दारात आणू नको, डेअरीपाशी लाव. तो कानडी माणूस. "आयतु आज्जी," म्हणजे बरं, असं म्हणाला, आणि त्यानंतर नेहमी डेअरीपाशीच लावली. तसं सगळ्यांना कळायचं ते कळतच होतं.

पहिल्यांदा दोघी आल्या. एक मोठ्या सिस्टर, वयस्क, चष्मेवाल्या, भराभरा बोलणाऱ्या. आणि एक पोरगी. पांढरा कोट नवाकोरा, इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. नर्सिंग पास होऊन नुकती नोकरीला लागलेली, खानापुराकडची, गुंजीची. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आज्जी, ही आमची नवीन सिस्टर. आज हीच तुमची पट्टी सोडणार. मी बघत बसते."

पोरीनं हात धुतले. हातमोजे घातले. गरम करून निवलेलं पाणी घेतलं आणि पट्टी भिजवून हळूहळू सोडवायला लागली. हात हलका होता. शेवटचा थर निघाला आणि वास खोलीभर झाला. पोरीच्या गळ्यात काहीतरी वर आल्यासारखं झालं, तिनं तोंड मिटलं, डोळे भरले, आणि ती उठून मागच्या दारानं पळाली. गोठ्याकडनं तिचा ओकण्याचा आवाज आला. आमची म्हैस हंबरली.

मोठ्या सिस्टर उठल्या आणि राहिलेलं काम करायला लागल्या. मी डोळे मिटून घेतले. राग आला नाही. त्या पोरीच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण आपल्या अंगामुळं एखादं माणूस ओकतं, हे ऐकत पडायचं म्हणजे काय ते सांगता येत नाही. मला वाटलं, मी जागच्या जागी कॉटमध्ये रुतून जावं.

ती परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पुढचे केस ओले. म्हणाली, "आज्जी, सॉरी. सकाळचं खाल्लेलं बाधलं मला."

"काय खाल्लं हुतंस?"

"उप्पीट."

"उप्पिटाला कशाला नावं ठेवतीस गं? मीच बाधली म्हण की."

मोठ्या सिस्टर हसल्या. पोरगी आधी घाबरली, मग तीही हसली. तिच्या हसण्यात एक दात दुसऱ्यावर चढलेला होता.

पुढच्या खेपेला ती ओकली नाही. त्याच्या पुढच्याला तर ती पट्टी सोडवताना बोलायलाही लागली. मग मोठ्या सिस्टर तिला एकटीला पाठवायला लागल्या, कारण त्यांना चिकोडीकडं दुसरे पेशंट होते. ती वासावरच्या गोळ्या खलबत्त्यात कुटायची आणि त्याची पूड जखमेवर भुरभुरायची. त्यानं वास खरंच कमी झाला. सुनेनं माझ्या खोलीत उदबत्ती लावायचं बंद केलं. दुखण्याच्या गोळ्या वेगळ्या, त्या कशा घ्यायच्या ते तिनं मला सांगितलं. एका कागदावर सूर्य आणि चंद्र काढून दाखवायला लागली.

मी म्हटलं, "मला वाचता येतंय. चौथी पास हाय मी. शाळा सुटली म्हणून काय डोळं गेल्यात व्हय?"

"तसं नाही आज्जी, सगळ्यांना असंच काढून द्यायला शिकवलंय."

"मग चंद्र तरी नीट काढ. ही भाकरी कुणी खाल्ल्यागत दिसतीया."

ती हसली आणि कागद फाडून नवा लिहून दिला.

मी एकदा विचारलं, "दवाखान्यात जागा मिळाली न्हाय व्हय तुला? मरणाऱ्यांच्यात कशाला आलीस?" लोक असं विचारत नाहीत. मी विचारते. ती म्हणाली, "शेवटच्या वर्षाला आमच्या मॅडमनी विचारलं, ह्या कामाला कोण जाणार. सगळ्या मुली खाली बघायला लागल्या. मीपण खालीच बघत होते आज्जी. पण मी पहिल्या बाकावर होते."

"म्हंजे सापडलीस."

"हां. सापडले." मग म्हणाली, "पण आता आवडतं." नव्या पोरींना आधी काही महिने बघतात आणि मग कायम करतात, असं तिनंच सांगितलं. कायम झाली की आईला बेळगावात आणायचं, पिरनवाडीकडं एक खोली बघून ठेवली आहे, असंही सांगितलं. मला ती पोरगी आवडली होती. हे लिहून ठेवते, कारण पुढं जे केलं ते माहीत असूनच केलं.

त्यानंतर एक आठवडा उन्हाचा होता. माश्या फार. दुपारी पट्टीच्या कडेला खाज सुटली म्हणून मी जरा बोट घालून बघितलं, तर बोटाला काहीतरी वळवळलं. पांढरं. मी परत बघितलं. एकच नव्हतं.

आमच्याकडं कुणाला तळतळाट द्यायचा झाला तर म्हणतात, किडं पडतील तुझ्या अंगात. मी ते कितीदा म्हटलं असेन त्याला हिशोब नाही. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायला जायची तेव्हा मुकादमाला म्हटलंय. बांधावरून भांडण झालं तेव्हा थोरल्या जावेला म्हटलंय, तेही गल्लीत उभं राहून, हात ओवाळून. ज्याच्या अंगात किडे पडले त्यानं काय पाप केलं असेल, असंच लोक बोलतात. मीही तसंच बोलत आले. आणि आता माझ्या अंगात ते जिवंत फिरत होते.

कुणाला सांगायचं? सुनेला सांगितलं असतं तर ती माझं ताट वेगळं करेल असं मनात आलं. ती तसली नाही, पण आलं मनात. त्या पोरीला फोन लावून घेता आला असता. तिचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता. पण फोन सून लावणार, म्हणजे सुनेसमोर बोलावं लागणार.

बैलाच्या जखमेत किडे झाले की आमच्या घरात एकच औषध. तंबाखूची भुकटी चिमटीनं भरायची आणि वरनं फडकं दाबायचं. किडे मरून गळून पडतात. मला दात घासायला मिशरी लागते, त्यासाठी तंबाखूचा डबा माझ्या उशाशीच असतो. मी दार लोटलं. पट्टी सोडवली. डब्यातली तंबाखू हाताच्या तळव्यावर चुरली, बारीक केली आणि घातली. थोडीथोडकी नाही. सगळे मरावेत म्हणून भरपूर घातली. आग झाली, दातावर दात धरून बसले. वरनं चिंधी बांधली.

थोड्या वेळानं तोंडाला पाणी सुटलं. मग गार घाम. कॉट फिरायला लागली. मग उलटी, आणि उलटीवर उलटी. सून धावत आली, मला धरून बसली. तिला वाटलं मी चालले.

मला मात्र समजलं होतं काय झालंय. वखारीत नव्यानं आलेल्या पोरीला पहिल्या दिवशी असंच व्हायचं. तोंड पांढरं, गार घाम, ओकारी. आम्ही म्हणायचो, हिला तंबाखू लागली, बसवा हिला दारात. मी कितीतरी पोरींना दारात बसवून वारा घातलाय. अंगाला लागलेली तंबाखूसुद्धा लागते. मी तर उघड्या मांसात घातली होती.

सगळं कळत असून मी बोलले नाही. सुनेनं विचारलं, "आत्ती, काय खाल्लासा?" मी काय न्हाय म्हणून मान हलवली.

मुलगा नाक्यावरचं टायरचं दुकान बंद करून आला. त्यानं त्या पोरीला फोन लावला. फोन मोठ्यानं चालू होता, मला तिचा आवाज ऐकू आला. ती म्हणाली, "गोळ्या बंद करा. आम्ही येतो तोपर्यंत दुखण्याची गोळी देऊ नका." तिचा आवाज बारीक झाला होता. मुलगा म्हणाला, "म्हंजे गोळीचंच हाय न्हवं हे? किती द्यायची ते तुम्हीच सांगितलासा न्हवं?" मग ती म्हणाली, "बघते मी. विचारते."

दुसऱ्या दिवशी दोघीही आल्या, मोठ्या सिस्टर आणि ती. गाडी डेअरीपाशी न थांबता सरळ दारात आली. मुलगा पुढच्या सोप्यातच उभा होता. शेजारची माणसं कट्ट्यावर.

"माझी आई मेली असती तर काय केलं असतं तुम्ही?" मुलगा म्हणाला. "शिकायला आमचंच घर सापडलं व्हय? नवीन पोरगी पाठवतासा, ती कायबी सांगून जातीया."

मोठ्या सिस्टरनी पोरीला विचारलं, तू काय सांगितलं होतंस ते सांग. तिनं सांगितलं. बरोबर सांगितलं. मी आत कॉटवर ऐकत होते, एकही अक्षर चुकलं नव्हतं. पण मोठ्या सिस्टरनी परत विचारलं, "नक्की असंच सांगितलंस? आज्जींना नीट समजलं का बघितलंस?" तेव्हा ती गडबडली. म्हणाली, "आधी सूर्य-चंद्र काढून दिले होते. मग त्या नको म्हणाल्या म्हणून लिहून दिलं. त्यातच काहीतरी... मी चुकले असेन सिस्टर."

मोठ्या सिस्टर कानडीत बोलल्या. मला कानडी येतं. इथं कुणाला येत नाही? त्या म्हणाल्या, तुला आता एकटीला घरोघरी पाठवणार नाही, आणि कायम करायचं का नाही ते मला बोलावं लागेल. मुलाला मराठीत सांगितलं, गोळी निम्मी करू, उलटी थांबते का बघू.

एवढं होईपर्यंत मी उठून सोप्यात गेले असते तर सगळं संपलं असतं. चालता येत होतं मला.

मग ती पोरगी आत आली, पट्टी बदलायला. मोठ्या सिस्टर बाहेर मुलाची समजूत काढत बसल्या. पोरीनं चिंधी सोडवली आणि थांबली. "आज्जी, हे काय?"

"दार लाव."

तिनं दार लावलं. जखमेत तंबाखू काळी होऊन बसली होती. काही मेलेले होते, काही जिवंत होते.

"आज्जी, कधीपासून आहे हे? मला फोन का नाही केला?"

"कुणाला सांगू नको."

"सिस्टरांना सांगायलाच पाहिजे. ह्याला औषध आहे, होतं असं पुष्कळांना, त्यात काही..."

"माझ्या गळ्याची शपथ हाय तुला." मी तिचा हात धरून माझ्या गळ्याला लावला. तिचा मोजा ओला होता. "तू बोललीस तर मी मेलेली बघशील."

म्हाताऱ्या बाईनं एवढं म्हटल्यावर नवी पोरगी काय करणार? जुनी असती तर तिनं मला झिडकारलं असतं. तिनं मान डोलावली. पेटीतनं उग्र वासाच्या औषधाची बाटली काढली, कापसाचा बोळा त्यात भिजवून जखमेजवळ धरला. जे जिवंत होते ते वर यायला लागले आणि ती चिमट्यानं एकेक उचलून वाटीत टाकायला लागली. तिचं नाक गळत होतं, डोळे गळत होते, ते ती खांद्याला पुसायची आणि परत वाकायची. ओकली नाही. सगळी तंबाखू धुऊन काढली. तंबाखूनं असं ओकायला होतं हे तिला ठाऊक नव्हतं. गुंजीला भात पिकतो, तिथं तंबाखूची वखार कुठली? तिला खरंच वाटत होतं की गोळी सांगण्यात तिचीच चूक झाली. काम करता करता म्हणाली, "आज्जी, माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला. माफ करा."

मी म्हटलं, "असू दे."

'असू दे' म्हटलं मी. तिनं माफी मागितली आणि मी ती दिली. ह्या सगळ्यात मला कशाची जास्त लाज वाटते असं कुणी विचारलं, तर किड्यांची नाही, ह्या दोन शब्दांची.

त्या गेल्या. निम्म्या गोळीवर मी राहिले. पहिला दिवस निघाला. मग दुखणं परत आलं, आणि आधी होतं त्यापेक्षा जास्तच. काखेतनं पाठीपर्यंत कुणीतरी पहार खुपसून फिरवतंय असं. कूस बदलता येईना, उठून बसता येईना. सुनेचा हात लागला तरी मी शिवी द्यायची. मुलाला म्हटलं, गोळी पहिल्यासारखी द्या म्हणून फोन कर. तो म्हणाला, "परत उलट्या व्हाय पायजेत काय? त्या पोरीच्या नादानं जीव जायची पाळी आलती."

मी दोनदा तेच सांगितलं, त्यानं दोनदा तेच उत्तर दिलं. आता गोळी वाढवून घ्यायची तर एकच वाट राहिली होती.

दुपारी तो जेवायला बसला होता, माझ्या खोलीच्या दाराशीच. सून वाढत होती. मी म्हटलं, "उलटी गोळीनं झाली न्हवती."

"मग कशानं?"

"तंबाखूनं."

"तंबाखू खाल्लीस?"

"खाल्ली न्हाय. घातली."

"कुठं घातलीस?"

मी पदरावर हात ठेवला. सुनेच्या हातात आमटीची वाटी तशीच राहिली.

"किडं पडल्यात माझ्या अंगात," मी म्हटलं. "मारायला घातली. बैलाला घालतो तशी."

मुलानं ताटातला हात बाहेर घेतला आणि तसाच बसला. खरकटा हात वाळायला लागला. मला वाटलं होतं तो तोंड वाकडं करेल. तो ढसाढसा रडायला लागला. मोठा पन्नाशीचा माणूस. मी म्हटलं, "रडू नको, फोन लाव. लई दुखाय लागलंय."

सून वाटी खाली ठेवून माझ्याजवळ आली. "मला सांगायचं न्हाय व्हय आत्ती? मी काय केलं असतं? तुमच्या बैलांच्या जखमा कुणी धुतल्यात इतकी वर्षं?"

मुलानं हात धुऊन फोन लावला.

फोनवर मोठ्या सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. मग मलाच द्या म्हणाल्या. "आज्जी, गोळी पहिल्यासारखी चालू करा. तंबाखू परत घालू नका." मग विचारलं, "आमच्या मुलीनं पट्टी बदलली तेव्हा तिनं बघितलं का हे?"

इथं खोटं बोलावं असं वाटलं. पण मला काही सुचलं नाही. म्हटलं, "व्हय. मी शपथ घातली हुती तिला." गोळी सांगण्यात ती चुकली नव्हती, पण आता तिच्या नावावर खरीखुरी चूक लागली, आणि ती मी लावली. पेशंटनं शपथ घातली तरी सांगायचं असतं, असं तिला बोलणं बसलं, हे नंतर कळलं.

गोळी सुरू झाली, दुखणं उतरलं. दुखणं उतरल्यावर गावात वेगळंच झालं. मुलानं कट्ट्यावर सांगितलं की त्या पोरीची नोकरी जात होती म्हणून आईनं लाज सोडून सगळं सांगितलं. त्याला तसंच वाटत होतं. शेजारणी बघायला आल्या. किड्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एक म्हणाली, "आक्का, दुसरी कोण असती तर बोलली नसती बघा." दुसरी म्हणाली, "परक्याच्या पोरीसाठी!" मी पडून ऐकत होते. त्यांना थांबवलं नाही.

गाडी आली तेव्हा दोघी होत्या. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आज्जी, लई धीराचं काम केलंत. हिला कायम करतोय आम्ही." मुलानं त्या पोरीला तोंडानं काही म्हटलं नाही. घरातनं भुईमुगाच्या शेंगांची मोठी पिशवी आणून तिच्या हातात दिली आणि बाहेर निघून गेला. आमच्याकडं पुरुष माणसं माफी अशीच मागतात. तिला ते कळलं. "आवडतात मला शेंगा," म्हणाली.

मग आम्ही दोघीच राहिलो. ती पट्टी भिजवत होती. जखम स्वच्छ होती. ती म्हणाली, "आज्जी, मी आईला फोन करून सांगितलं. म्हटलं, एक आज्जी आहे, तिनं माझ्यासाठी सगळ्यांसमोर..." तिनं भिजलेली पट्टी बाजूला ठेवली. "आई म्हणाली, तिच्या पाया पड."

ती खरंच वाकायला लागली.

मी गप्प बसले असते तर त्यात कुणाचं काय बिघडलं असतं? पोरगी खूश होती, तिची आई खूश होती. पण आता तिला पाया पडू देणं मला जमेना.

"पाया पडू नको," मी म्हटलं. "तुझ्यासाठी न्हाय सांगितलं मी."

ती थांबली.

"गोळी निम्मी केली आणि लई दुखाय लागलं. पोराला पटवायला सांगावं लागलं. न्हाय दुखलं असतं तर मी बोललीच नसती. तुला घालवली असती तरी."

तिच्या मोज्यातनं पाणी ठिबकत होतं. तिला वाईट वाटलं, ते मला दिसलं. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. तोंड फक्त जरा लहान झाल्यासारखं झालं.

"तंबाखूनं असं होतं ते तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"त्याच दिवशी कळलं हुतं."

"मी सोप्यात उभी होते तेव्हापण?"

"व्हय."

"बरं," ती म्हणाली.

मग तिनं नवी पट्टी घेतली. गोळीची पूड भुरभुरली, कापूस ठेवला, काखेखालनं पट्टी फिरवून आणली. मला वाटलं होतं आता तिचा हात जड होईल. मी अंग आवळून बसले होते.

"आज्जी, अंग सैल सोडा," ती म्हणाली. "असं आवळलं की दुखतं."

मी सैल सोडलं. हात तसाच हलका होता.

ती अजून येते, आता एकटीच. काम करते, माश्यांसाठी खिडकीला जाळी लावली का विचारते, सुनेशी बोलते. माझ्याशीही बोलते, विचारलं तेवढं सांगते. आईला पिरनवाडीला आणलं का म्हणून मी परवा विचारलं. "आणलं," म्हणाली. आणखी विचारायला मला तोंड नव्हतं. ती पेटी बंद करून उठली.